पास्कोचा गुडघा

ग्लेन पास्को फुटबॉलमधून पहिल्यांदा निवृत्त झाला तेव्हा अडतीस वर्षांचा होता. शेवटचा भोंगा वाजला, दोन धडधाकट पोरांनी त्याला खांद्यावर उचलून मैदानाबाहेर आणलं, कुंपणाला नाक लावून उभ्या असलेल्या गाड्यांनी हॉर्न वाजवले, आणि क्लबने त्याला पाठीवर नाव छापलेली घडीची खुर्ची भेट दिली. बाबा रे, आता बसून सामने बघ, असा तिचा सरळ अर्थ होता. पुढच्या एप्रिलमध्ये, नवा मोसम सुरू होताच, हा गडी तीच खुर्ची बगलेत मारून क्लबच्या शेडमध्ये हजर. "पोरं कमी पडतायत म्हणे," म्हणाला, खुर्ची उघडून तिच्यावर बसला आणि बूट चढवायला लागला. त्याला आता चार वर्षं होतील. चार वर्षांत खुर्चीचा उपयोग तेवढाच झाला.

पोरं कमी पडत नव्हती. कॅरिक्स वेलसारख्या गावात, जिथे माणसांपेक्षा गव्हाची कोठारं जास्त, हातांनी बॉल झेलायच्या आमच्या ऑस्ट्रेलियन फुटबॉलला अठरा जण उभे करताना नाकी नऊ येतात हे खरं. पण त्या वर्षी चोवीस होते. हे पास्कोला सांगायचं कुणी? प्रशिक्षक लहानपणी त्याच्याकडूनच बॉल मारायला शिकलेला. कॅप्टन त्याच्या बायकोचा भाऊ. सगळे मूग गिळून बसले आणि पास्को खेळत राहिला.

खेळत राहिला हे मी आपलं माणुसकी म्हणून लिहितो. तो गोलच्या खांबांसमोर उभा असतो. बॉल हवेतून येताना दिसला की आधी हात वर करतो, मग धावायचा विचार करतो, आणि विचार पुरा होईपर्यंत बॉल दुसऱ्या कुणीतरी झेललेला असतो. मग ज्याने मारला त्याला बोटाने दाखवतो: इथे द्यायचा होता, इथे. हे 'इथे' नेहमी त्याच्या बुटापासून दोन हातांवर असतं.

मी क्लॅरी, क्लबचा पट्टीवाला. सामन्याआधी खेळाडूंचे घोटे, गुडघे, बोटं चिकटपट्टीने बांधायची, पोटऱ्या चोळायच्या, सामना चालू असताना पाण्याच्या बाटल्या घेऊन आत पळायचं, हे माझं काम. मी ते एकतीस वर्षं करतोय आणि आता एकाहत्तर वर्षांचा आहे. पास्कोच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा तो तेवीसचा होता. तेव्हापासून तो गुडघा माझ्या ताब्यात. दर मोसमाच्या शेवटी माझ्या टेबलावर बसून तो एकच प्रश्न विचारतो, "क्लॅरी, टिकेल का रे अजून एक वर्ष?" मी गुडघा दाबून बघतो, जरा विचारात पडल्यासारखं करतो आणि म्हणतो, "माझ्या पट्टीने टिकेल." त्याला तेवढंच हवं असतं. मलाही.

या वर्षी मात्र त्याची अवस्था बघवेना. पहिल्या सामन्यापासून लंगडायला लागला. मी त्याची भरपूर टर उडवली. शेडमध्ये सांगितलं की पास्को वळतो तेव्हा मागून येणाऱ्याने दिवा लावून थांबावं. वर त्याला एक नवीनच खोड लागली होती. पट्टी बांधून झाली की संडासात जाऊन कडी लावायचा. दहा-दहा मिनिटं. संघ मैदानावर निघायचा आणि हा आतच. "म्हातारपण कुठून सुरू होतं ते कळलं का पोरांनो?" असं मी मोठ्याने विचारायचो. पोरं हसायची. तोही बाहेर येऊन हसायचा.

याच वर्षी आणखी एक गोष्ट घडली. क्लबने एबनी नावाची मुलगी आणली, बॅलरॅटहून फिजिओ शिकून आलेली, तेवीस वर्षांची. तिला टेबल हवं म्हणून माझं टेबल उलटं फिरवून भिंतीला सारलं. पहिल्या दिवशी पोरं सवयीने माझ्याकडे आली, दुसऱ्या आठवड्यात निम्मी तिच्याकडे गेली, मे महिन्यात तिच्यापाशी रांग आणि माझ्यापाशी एकटा पास्को. मला फार लागलं ते. बोलून दाखवलं नाही, पण माझ्या कपाटातली पट्टीची रिळं कमी व्हायला लागली तेव्हा मी तिच्यावरच संशय घेतला आणि कपाटाला कुलूप लावलं. किल्ली दोघांकडे: एक माझ्याकडे, एक माझ्या विश्वासातला म्हणून पास्कोकडे.

ऑगस्टमध्ये मोसमाचा एकच सामना उरला, मर्डक फ्लॅटच्या क्लबशी. आम्ही सातवे होतो, जिंकून-हरून काही फरक पडणार नव्हता. मंगळवारी सरावाच्या वेळी क्लबचा अध्यक्ष रसेल हातात खिमा भरलेला गरम मीट-पाय घेऊन माझ्याकडे आला. मीट-पाय खाताना रसेल कधीच कुणाच्या डोळ्यांत बघत नाही.

"क्लॅरी, पास्कोला सांगायला हवं."

"सांग की."

"व्हिटेकरचा पोरगा म्हणतो, गोलपुढे खेळायला जागा नसेल तर मी मर्डक फ्लॅटला जातो. एकोणीस वर्षांचा आहे तो. गेला तर परत येणार नाही."

"मग सांग ना पास्कोला. अध्यक्ष तू आहेस."

"म्हणूनच तर." त्याने हनुवटीवरचा सॉस पुसला. "क्लबच्या निवडणुकीत पास्को घराण्याची अकरा मतं आहेत. तू सांग. तुझं ऐकतो तो."

दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवायची रसेलला जुनी सवय. स्वतःच्या बापाला म्हातारपणी गाडी चालवू नको हेसुद्धा त्याने पाद्रीबाबांकडून सांगवलं होतं. मी नाही म्हणू शकलो असतो. पास्कोने गाशा गुंडाळला की माझं टेबलही उचलणार, हे मला दिसत होतं. पण दरवर्षी 'टिकेल' असं सांगून त्याला या थराला आणणारा मीच होतो. माझ्याच थापेवर तो भर मैदानात हसं करून घेत होता. मी हो म्हणालो.

बुधवारी दुपारी त्याच्या शेतावर गेलो. तो मेंढ्या कातरायच्या शेडमध्ये जाळीच्या फळ्या बदलत होता. मला बघून त्याने हातोडा खाली ठेवला आणि थर्मासातला चहा ओतला.

"रसेलने पाठवलं ना?"

"छे. मी आपला सहज आलो."

"तू सहज कुठे जातोस? बायकोच्या बहिणीच्या लग्नालासुद्धा गेला नव्हतास."

"त्या दिवशी सामना होता."

"बोल, काय ते बोल."

मी चहाचा घोट घेतला. वाटेत तयार केलेलं सगळं भाषण विसरलो. "हे बघ, ग्लेन, गुडघा संपलाय तुझा. दर शनिवारी मी हात लावतो, मला कळतं. वाटी आतल्या आत सरकते."

"कुठल्या गुडघ्याची?"

"कुठल्या म्हणजे?"

"कुठल्या गुडघ्याची वाटी सरकते, दाखव बरं."

तो पेंढ्याच्या गठ्ठ्यावर बसला आणि त्याने पँटचे दोन्ही पाय वर केले. मी त्याच्यासमोर उकिडवा बसलो. एक गुडघा होता तसा, नडगीवर जुन्या काटेरी तारेची खूण. दुसरा चांगलाच सुजलेला, त्याच्यावर वरून खाली ऑपरेशनचा व्रण. मी चष्मा लावला. व्रण डाव्यावर होता. मी माझ्या हाताकडे बघितलं. तो उजव्यावर ठेवलेला होता.

"मोसमभर तू हाच बांधतोयस," पास्को म्हणाला. "एप्रिलपासून. हा चांगला आहे. याला कधी काही झालेलं नाही."

मला लगेच कळलं. टेबल उलटं फिरवलं तेव्हा त्याच्या डोक्याची बाजू बदलली, आणि माझ्या जवळ येणारा गुडघाही बदलला. माझा हात मात्र एकोणीस वर्षांच्या सवयीने जवळच्या गुडघ्यावर जात राहिला. चष्मा लावून पट्टी बांधणं मला कमीपणाचं वाटायचं. एबनी समोर असताना तर मुळीच लावायचो नाही.

"मग बोलला का नाहीस गाढवा?"

"पहिल्या शनिवारी वाटलं, तुझं काहीतरी कारण असेल. दुसऱ्या शनिवारी सांगणार होतो. तर तू एबनीला सांगत होतास, हा गुडघा मी हातांनी एकोणीस वर्षं धरून ठेवलाय, हे कॉलेजात शिकवत नाहीत." त्याने पँट खाली केली. "त्यानंतर काय सांगणार?"

"म्हणजे संडासात..."

"तुझ्याच कपाटातली रिळं नेऊन डावा बांधायचो. मला नीट बांधता येत नाही. अर्ध्या वेळेपर्यंत सुटते."

मी त्या पेंढ्याच्या धुळीत तसाच बसून राहिलो. लंगडा घोडा, म्हातारं मूत्राशय, वर्षभर जे जे बोललो ते सगळं आठवलं. त्यातला प्रत्येक शब्द माझ्याच पट्टीवर जात होता. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"जूनमध्ये रसेल माझ्याकडेही आला होता," पास्को म्हणाला. "म्हणाला, क्लॅरीला थांबायला सांग, तुझं ऐकतो तो. मी म्हटलं, मी खेळतोय तोवर मला क्लॅरीच बांधणार. आणि तू उगाच रडवेला होऊ नकोस, हे सगळं काही तुझ्यासाठी केलं नाही. मलाही सोडवत नव्हतं. तू बरं निमित्त सापडलास."

"मग आता?"

"शनिवारी नीट बांध. खेळून बघतो. मग दरवर्षीसारखं तू सांग, टिकेल की नाही. पण या वेळी खरं सांग. तू म्हणशील तसं करीन."

शनिवारी मी चष्मा लावूनच शेडमध्ये शिरलो. पास्को टेबलावर आडवा झाला. बाहेर नेटबॉलच्या पोरींचा गलका चालू होता, आत मालिशच्या तेलाचा वास. व्हिटेकरच्या पोराने मला काहीतरी विचारलं, मी त्याला उत्तर देत देत रीळ उलगडलं आणि कामाला लागलो. तीन वेढे झाल्यावर माझं लक्ष पास्कोकडे गेलं. तो छपराच्या पत्र्याकडे बघत होता.

मी खाली बघितलं. उजवा.

तो बोलणार नव्हता. उठून पुन्हा संडासात गेला असता. मी ते तीन वेढे सोडवले, कात्री आणि कपाटाची किल्ली घेतली आणि एबनीच्या हातात दिली.

"हा तू बांध."

"क्लॅरी, वर्षाचा शेवटचा सामना आहे. तुझा माणूस आहे तो, तूच बांध."

"सांगतोय ते कर पोरी."

ती टेबलापाशी गेली आणि तिने पास्कोला विचारलं, "कुठला?" अख्ख्या मोसमात हे मी त्याला एकदाही विचारलं नव्हतं. चार मिनिटांत तिने डावा गुडघा बांधला. इतकं स्वच्छ काम की मला राग आला, आणि मग राग गेला.

पाण्याच्या बाटल्याही तिच्याच हाती दिल्या. मला करायला काहीच उरलं नाही. पास्कोची खुर्ची कोपऱ्यात पडली होती, ती उचलली, सीमारेषेपाशी मांडली आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदा फुटबॉलचा सामना बसून बघितला.

पास्को लंगडला नाही. सामन्याच्या पहिल्या चतुर्थांशात त्याने एक झेल घेतला, दोघांच्या डोक्यावरून, आणि शांतपणे गोल केला. मग दुसरा. चौथ्या गोलला गाड्यांचे हॉर्न थांबेनात. पाचवा त्याने पळत पळत, वाकड्या कोनातून मारला, जसा पंचविशीत मारायचा. मर्डक फ्लॅटचा जो पोरगा त्याला अडवायला ठेवला होता तो अगदी रडकुंडीला आला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं हे मी कबूल करतो. आम्ही नऊ गोलांनी जिंकलो.

भोंगा वाजला तसा रसेल धापा टाकत माझ्याकडे आला. या वेळी हातात मीट-पाय नव्हता आणि तो सरळ माझ्या डोळ्यांत बघत होता.

"बघितलंस? अजून एक वर्ष आरामात काढेल. व्हिटेकरच्या पोराला मागे खेळवू. तू पास्कोला काही बोलला नाहीस ना?"

"नाही बोललो."

"बरं केलंस. आणि क्लॅरी, मानलं तुला. शेवटी अनुभव तो अनुभव. तुझ्या पट्टीची सर त्या पोरीला यायची नाही."

तेवढ्यात पास्को आला. चिखलाने माखलेला, चेहरा लालबुंद, दहा वर्षांनी लहान दिसत होता. माझ्यासमोर उभा राहिला आणि त्याने डावा पाय पुढे केला.

मी पट्टीच्या कडेवरून गुडघा दाबला. या वेळी दोनदा बघून दाबला. आतून गरम लागत होतं. वाटी माझ्या अंगठ्याखाली एका बाजूला सरकली आणि परत जागेवर यायला तिने वेळ घेतला. वरून पास्कोने श्वास रोखल्याचं मला कळलं.

"क्लॅरी, टिकेल का रे अजून एक वर्ष?"

रसेल माझ्याकडे बघून मान हलवत होता, हो म्हण, हो म्हण. पास्कोही हसत होता. पाच गोलांनंतर त्यालाही हो हवं होतं. ते त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं. मी हो म्हणालो असतो तर एप्रिलमध्ये तो आला असता, आणि त्याच्यामागून मीही.

"नाही," मी म्हणालो. "माझ्या पट्टीने नाही, आणि तिच्याही नाही."

त्याने एकदा मैदानाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग वाकून त्याने माझ्या पाठीमागे खुर्चीवर छापलेल्या स्वतःच्या नावावर बोट ठेवलं.

"मग ऊठ," पास्को म्हणाला. "ही खुर्ची माझी आहे."

मी उठलो.