तीन बोटांचा पंजा

ही गोष्ट सांगायचं मी आजवर टाळत आलो. आज सुनेनं ताटात कडक भाकरी वाढली आणि ज्वारीच्या खरपूस वासानं मला बंगळूरच्या कारखान्यातल्या जेवणाच्या सुट्टीत नेलं.

मी आणि मल्लिनाथ, दोघे सोलापूरचे इंजिनिअर. ज्यांवर संगणकाच्या चिप घडतात, त्या सिलिकॉनच्या पातळ चकत्या उचलायचं यंत्र आम्ही बनवत होतो. आमच्या चिमट्यानं चकतीवर ओरखडे उठत. त्या दुपारी घरून आलेली कडक भाकरी माझ्या हातात मोडली.

"मधी कशाला दाबतो? कडंनं धर की," मल्लिनाथ म्हणाला. त्यानं तीन बोटांनी भाकरी अलगद उचलली आणि जेवायचं सोडून तिच्याकडेच बघत राहिला. त्यातूनच त्यानं चकतीला फक्त कडेला धरणारा पंजा घडवला.

चाचणीत एकही ओरखडा उठला नाही. साहेबांनी विचारलं, "कल्पना कुणाची?" मल्लिनाथ वाकून स्क्रू आवळत होता. मी मोठ्यानं म्हणालो, "माझी."

त्यानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "व्हय सर, ह्याचीच," म्हणाला. बाहेर आल्यावर हसला, "पेढे दे की, संशोधक!" त्याला काही वाटलं नाही, अशी मी समजूत करून घेतली. त्यानं माझी अब्रू राखली होती, हे आता कळतं. पेटंटवर नाव माझं एकट्याचं लागलं.

परवा नातीच्या लग्नात तो भेटला. त्याचा हात धरून मी पुटपुटलो, "मल्ल्या, तो पंजा तुझा होता. चुकलो मी." त्याला आता कमी ऐकू येतं.

"काय? मोठ्यानं बोल की!"

भोवती सगळे पाहुणे उभे होते. मी मोठ्यानं म्हणालो, "ऊन लई हाय, जपून जा."