दगडफुलाचा मथळा

सकाळी ऑफिसात पोचले तेव्हा रिसेप्शनच्या बाकावर मसाल्याचे चार व्यापारी बसले होते. चौघांच्याही हातात आमचाच पेपर होता. पहिल्या पानावर तळाशी तीन कॉलमी मथळा होता, ‘गोड्या मसाल्यातील दगडफुलात शिसे’. बातमी माझी होती. मथळा मात्र मी इतर वाचकांसारखाच सकाळच्या चहाबरोबर पहिल्यांदा पाहिला होता.

वृत्तपत्रात बातमी बातमीदार लिहितो आणि मथळा डेस्क देते. डेस्क म्हणजे कॉपी तपासून ती पानात बसवणारे उपसंपादक. पान लागते तेव्हा बातमीदार बहुधा घरी गेलेला असतो. नव्वदीच्या दशकात आमची पाने कॉम्प्युटरवर लागू लागली, तरी ही पद्धत बदलली नाही.

मूळ बातमी वेगळी होती. माधुरी राऊत ही गडचिरोलीहून आलेली विद्यार्थिनी पुण्यातल्या एका संस्थेत पीएचडी करत होती. विषय होता झाडांच्या सालीवर वाढणारे दगडफूल. नावात फूल असले तरी ती बुरशी आणि शेवाळ यांची एकत्र वाढ असते. तिला मुळे नसतात. जे लागते ते हवेतून आणि पावसातून घेते, त्यामुळे हवेतले शिसेही तिच्यात साठत जाते. तेव्हा पेट्रोलमध्ये शिसे असे आणि रस्त्यांवर रोज नव्या दुचाक्या उतरत होत्या. माधुरीने येरवड्यापासून कसबा पेठेपर्यंतची झाडे तपासली. बुधवार पेठेच्या भर रस्त्यावर दगडफूल उरलेच नव्हते. जिथे उरले होते, तिथे त्यात शिसे सापडले.

वाचकाला ओळख पटावी म्हणून मी एक वाक्य घातले होते, की गोड्या मसाल्यात पडते ते दगडफूल याच कुळातले. चीफ सबने, म्हणजे डेस्कच्या मुख्य उपसंपादकाने, नेमके ते उचलले. त्याचे म्हणणे होते की झाडाची साल कोणी वाचत नाही, मसाला सगळे वाचतात.

व्यापाऱ्यांचे पुढारी बाबूशेठ गुजर. भवानी पेठेत त्यांचे घाऊक दुकान होते. आवाज न चढवता त्यांनी वृत्तसंपादक पाध्ये यांना सांगितले, की सकाळपासून दोन गिऱ्हाइकांनी माल परत पाठवला आहे आणि तक्रारीचे पत्र पेपरकडे व संशोधन संस्थेकडे दोन्हीकडे जात आहे. पाध्यांनी खुलासा छापण्याची तयारी दाखवली. खुलासा म्हणजे आतल्या पानावरच्या चार ओळी, ज्या तक्रार करणाऱ्याखेरीज कोणी वाचत नाही.

दुपारी माधुरीचा फोन आला. पत्र संस्थेत पोचले होते आणि तिचे गाइड डॉ. सबनीस यांनी सिनॉप्सिसवर सही करायचे थांबवले होते. सिनॉप्सिस म्हणजे प्रबंधाचा सारांश. त्यावर गाइडची सही झाल्याशिवाय विद्यापीठ प्रबंध स्वीकारत नाही. तिच्या नोंदणीची मुदत महिनाअखेर संपत होती. तोवर सही झाली नसती, तर चार वर्षांचे काम तिथेच थांबले असते.

मी संस्थेत गेले. सबनीसांनी तोडगा काढून ठेवला होता. ‘मसाल्यातले दगडफूल सुरक्षित आहे’ असे एक वाक्य माधुरीने सहीनिशी द्यायचे, आम्ही ते छापायचे, व्यापारी पत्र मागे घेणार, मग सबनीस सिनॉप्सिसवर सही करणार. पाध्यांनीही फोनवर याला होकार दिला होता. सगळ्यांना सोयीचे होते.

“सर, मी मसाला तपासलेलाच नाही,” माधुरी म्हणाली.

“अहो, पण तो माल शहरातला नसतो. जंगलातून येतो. शिसे येणार कुठून?”

“नसेलही सर. पण मी तपासलेलं नाही.”

सबनीस म्हणाले, एवढा हट्ट प्रयोगशाळेत दाखवला असता तर प्रबंध गेल्या वर्षीच झाला असता. बाहेर आल्यावर माधुरीने मला बाबूशेठांचा पत्ता विचारला.

दुसऱ्या दिवशी आम्ही भवानी पेठेत गेलो. पोत्यांमागच्या गादीवर बाबूशेठ आणि आदल्या दिवशीचे तिघे बसले होते. माधुरीने सुरुवात सेमिनारमध्ये करायची तशी केली. ‘हेवी मेटल अ‍ॅक्युम्युलेशन’पर्यंत पोचेस्तोवर एकाने पेपर उघडला. ती थांबली. पिशवीतून सालीचे दोन तुकडे काढून तिने गादीवर ठेवले. एक मुळशीकडचा, करड्या-हिरव्या पापुद्र्यांनी भरलेला. दुसरा बुधवार पेठेतला, कोरा.

“याला मूळ नसतं, म्हणजे जमिनीतून काही घेता येत नाही,” ती म्हणाली. “हे हवेवर जगतं. हवा बिघडली की आधी तिच्यातलं वाईट साठवतं, मग मरतं. मी एवढंच शोधलंय. तुमच्या मालाबद्दल मी कुठेच काही म्हटलेलं नाही.”

पेपर घडी होऊन खाली आला.

“म्हणजे आमचा माल चांगला,” बाबूशेठ म्हणाले.

“ते मला माहीत नाही.”

“वाईट आहे?”

“तेही माहीत नाही.”

“चार वर्षं शिकून दोन्ही माहीत नाही. मग आपण डॉक्टर कशाच्या होणार?”

“झाडावरच्या दगडफुलाच्या.”

एक जण हसला. बाबूशेठ हसले नाहीत. मग तपासून टाका आणि विषय मिटवा, असे त्यांनी सुचवले.

“तपासते,” माधुरी म्हणाली. “दुकानं मी निवडणार, माल मी उचलणार, आणि जे निघेल ते छापायचं. कबूल?”

“जे निघेल ते म्हणजे?”

“जे निघेल ते.”

बाबूशेठांनी इतर तिघांकडे पाहिले. माल दलालाकडून येतो, तो कुठल्या रानातला हे त्यांनाही ठाऊक नव्हते. चहा आला. तो संपल्यावर ते म्हणाले, “आधी आपला प्रबंध होऊ द्या. तपासणीचं सवडीने बघू. आपण आमच्याविरुद्ध काही बोललेल्या नाहीत, तेव्हा संस्थेचं पत्र परत घेतो.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “तुमचं नाही घेत.”

त्यामुळे आता अडचण फक्त आमची राहिली. पाध्यांनी माधुरीला स्वतः लिहायला सांगितले. तिने मजकूर दिला. काय तपासले, काय सापडले आणि काय तपासलेले नाही. अट दोन गोष्टींची होती, जागा पहिल्याच पानावर आणि मथळा तिचा. मथळा बाहेरच्या माणसाला देण्याची आमच्याकडे रीत नव्हती. पण पत्र टेबलावर होते. ‘मसाल्यातले दगडफूल तपासलेले नाही’ हा मथळा तीन कॉलमी गेला.

“न झालेल्या गोष्टीची बातमी आयुष्यात पहिल्यांदा लावतोय,” चीफ सब म्हणाला. पण शब्द त्याने बदलला नाही.

बाबूशेठांनी आमचे पत्रही मग मागे घेतले. सबनीसांनी सिनॉप्सिसवर सही केली आणि तोंडी परीक्षेतही असेच उत्तर द्यावे, असे माधुरीला सांगितले. प्रबंध मुदतीत दाखल झाला. विज्ञानाच्या बातमीचा मथळा संशोधकाला फोनवर वाचून दाखवायचा, असा नियम आमच्या डेस्कवर लागू झाला. त्यावर कुरकुर झाली, पण तो टिकला.

त्या आठवड्यात वाचकांची बरीच पत्रे आली. बहुतेकांचा प्रश्न एकच होता, मग दगडफूल वापरायचे की नाही? उत्तरे लिहायचे काम माझ्याकडे होते. प्रत्येकाला मी कळवले, की हे अजून कोणी तपासलेले नाही, त्यामुळे सांगता येत नाही. उलट पत्र एकाचेही आले नाही. खरे उत्तर बऱ्याचदा असेच असते. ते मिळाल्याबद्दल कोणी आभार मानत नाही.