तात्यांचं मशीन बिघडलं नव्हतं

ही गोष्ट मी माहेरी बोललेले नाही, शेजारी बोललेले नाही, देवापुढे हात जोडतानासुद्धा तिला वळसा घालूनच गेले आहे. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही आमच्या घरातले नाही. हे कारण पुरेसं आहे का? माहीत नाही. सांगायला बसले आहे, एवढं खरं.

आम्ही कोल्हारचे. पेरूची बाग, थोडा ऊस, आणि मी अंगणवाडीत. माझ्या मालकांना मुलं तात्या म्हणतात, मीही इथं तात्याच म्हणते. त्यांचं नाव घ्यायची मला सवय नाही — आणि या बाबतीत तर नाव घ्यायला तोंडही नाही.

तात्यांना झोपेत श्वास थांबायचा आजार आहे. घोरता घोरता एकदम शांत व्हायचे, मग गुदमरून, दचकून पुन्हा सुरू. आम्हाला वाटायचं, नुसतं घोरणं. पण दिवसा हा माणूस हातात घास धरून डुलक्या घ्यायचा. ग्रामसभेत झोपले, सोयरिकीच्या बैठकीत झोपले, एकदा तर न्हाव्याचा वस्तरा गळ्यावर असताना खुर्चीत झोपले. लोक हसायचे. मीही हसायचे. शेवटी नगरच्या डॉक्टरांनी अंगाला वायरी लावून तपासणी केली आणि मशीन लिहून दिलं. उशाशी डबा, त्याला नळी, नळीच्या टोकाला नाकावर बसणारा मास्क. हवा दाबानं आत जाते आणि श्वास अडकू देत नाही.

पहिला महिना नुसती झटापट. झोपेतच मास्क ओढून काढायचे. सकाळी नाकावर लाल वळ. हवा मिशीच्या फटीतून फुसफुस निघून जायची. आणि तात्यांची मिशी — आमच्या लग्नाच्या फोटोत माझ्याआधी ती दिसते! एका सकाळी आरशापुढं उभे राहिले आणि स्वतःच्या हातानं कातरून टाकली. मी म्हणतच होते, असू द्या, दुसरा मास्क मागवू. त्यानंतर आठवडाभरानं उठून स्वयंपाकघराच्या दारात आले आणि म्हणाले, "लई वर्सांनी झोपलो गं." त्यांचे डोळे भरले होते, माझेही. हे मुद्दाम सांगते आहे. त्या मशीननं त्यांना काय दिलं होतं ते मला कळत नव्हतं, असं म्हणायची सोय मला राहू नये.

मशीनचा कारभार आम्ही वाटून घेतला. दुकानदाराचा फोन, टाकीतलं पाणी, मास्क धुणं माझ्याकडे. मागच्या बाजूला धूळ अडवणारा छोटा फिल्टर असतो, तो झटकायचं काम तात्यांचं. त्यात चार दिवस इकडं-तिकडं व्हायचं, पण फार नाही.

मग वैशालीची, आमच्या मुलीची, सोयरीक निघाली. स्थळ काष्टीचं. आमच्याकडे घर बघायला येतात म्हणजे पाहुणे नुसते बैठकीत बसत नाहीत. बायका पाणी प्यायच्या निमित्तानं आत येतात आणि त्यांची नजर फडताळापासून पलंगाखालपर्यंत फिरून येते. त्याआधी एक स्थळ येऊन गेलं होतं. त्यांच्यातल्या एका मावशीनं उशाशी मशीन बघून विचारलं, मुलीचे वडील ऑक्सिजनवर असतात का? पुढं त्यांचा निरोपच आला नाही. कारण मशीनच होतं का? कोण जाणे. मी मात्र तेच धरून बसले.

तात्यांना म्हटलं, पाहुणे येतील तेवढ्या दिवशी आत ठेवू. तर म्हणाले, "लपवायचं काय त्यात? मी काय चोरी केली का?" वर म्हणाले, पाहुण्यांना चालू करून दाखवतो. आणि ते दाखवणार होते, मी ओळखते ना त्यांना. त्यावरून आमचं चांगलंच वाजलं.

दुसऱ्या दिवशी ते बागेत गेल्यावर मी मशीन जुन्या साडीत गुंडाळलं आणि बाजरीच्या रिकाम्या कोठीत ठेवलं. आत कडुलिंबाचा पाला होता, तो वरून पसरला, झाकण लावलं. पाहुणी बाई कुठंही डोकावेल, पण परक्या घरची धान्याची कोठी उघडणार नाही, ते वाईट दिसतं. तात्या आले तेव्हा सांगितलं, मशीन सुरूच होईना, दुकानाचा माणूस इकडं आलेला होता, तो नगरला घेऊन गेला.

तुम्ही म्हणाल, आईचा जीव, पोरीसाठी केलं. मीही स्वतःला बरीच वर्षं हेच सांगत आले. पण जे कबूल करायचं आहे — ते हे नाहीच.

तात्यांनी विचारलं, "कशानं बिघडलं?"

काहीही सांगता आलं असतं. विजेचा दाब कमीजास्त झाला म्हणाले असते, तर आमच्याकडे ते रोजचंच. आतलं काही जळलं म्हणाले असते, तरी चाललं असतं. मी म्हणाले, "फिल्टर कधी झटकला होता तुमी? धूळ गेली आत."

का म्हणाले? आदल्या दिवशीचा राग होता का? माझं ऐकलं नाही म्हणून? असेल. त्यांचा चेहरा एकदम उतरला. "व्हय गं, माझंच चुकलं," म्हणाले. आणि मला त्या क्षणी बरं वाटलं.

पाहुणे आले, मुलगी पसंत पडली, सुपारी फुटली. मग यादी, बस्ता, काष्टीच्या माणसांची ये-जा सुरू झाली आणि मशीन कोठीतच राहिलं. उद्या काढू, उद्या काढू. तात्या भिंतीला टेकून, खुर्चीत बसून झोपायचे. रोज विचारायचे, दुकानाचा फोन आला का? मी सांगायचे, सुटा भाग मिळत नाही म्हणतात. एकदा खोटं बोलायला बसलं की पुढचं आपोआप सुचतं, त्याला काही कष्ट पडत नाहीत.

असे अकरा दिवस गेले. अकराव्या दिवशी भर दुपारी तात्या मोटरसायकलवर लोणीहून येत होते. चालत्या गाडीवर डोळा लागला. गाडी रस्ता सोडून कडेच्या पाण्याच्या चारीत गेली, तात्या रस्त्यावर पडले, गळ्याजवळचं हाड मोडलं. समोरून उसाचा ट्रॅक्टर येत होता. त्या माणसानं वेळेवर ब्रेक दाबला, म्हणून मी आज कुंकू लावते.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, मशीन वापरता ना? तात्या कॉटवरूनच म्हणाले, "माझा हलगर्जीपणा, सायेब. फिल्टर साफ केला न्हाई, मशीन बंद पडलं." डॉक्टर त्यांना रागावले. चांगली पाच मिनिटं रागावले. मी पाण्याची बाटली धरून शेजारी उभी होते.

घरी येऊन मशीन बाहेर काढलं, पाला झटकला, पुसलं आणि दुरुस्त होऊन आलं म्हणून उशाशी ठेवलं. तात्यांनी एका हातानंच त्याला नमस्कार केला.

या गोष्टीला पाच वर्षं झाली. तेव्हापासून मशीनचं सगळं तात्याच करतात. रोज सकाळी मास्क साबणाच्या पाण्यात धुणार, नळी सावलीत वाळत घालणार, फिल्टर उजेडात धरून बघणार. हात पुरता वर जात नाही, म्हणून वाळवणाची दोरी खाली बांधून घेतली आहे. मला हात लावू देत नाहीत. तू किती बघशील, म्हणतात.

गेल्या महिन्यात काष्टीहून फोन आला. आमच्या व्याह्यांना हाच आजार निघाला, त्यांनाही मशीन लागलं. वापर जमेना म्हणून त्यांनी तात्यांना बोलावलं. आम्ही दोघं गेलो. मशीन कुठं होतं सांगू? बैठकीत, टीव्हीच्या शेजारी. आल्यागेल्याला कौतुकानं दाखवत होते. मी ज्यांच्यापासून लपवलं, ती ही माणसं.

तात्यांनी मास्कचे पट्टे कसे बसवायचे ते दाखवलं, व्याह्यांच्या मिशीकडे बघून हसले, मग मशीन उलटं करून फिल्टर काढला. म्हणाले, "पाव्हणं, माझ्यासारखं करू नका. माझ्या हयगयीनं मशीन बंद पडलं, मरता मरता वाचलो. पोरीचं लगीन तोंडावर आलं हुतं."

विहीणबाई माझ्याकडे वळल्या. "खरंच का हो, येवढ्याशा धुळीनं बिघडतं?"

वैशाली होती, जावई होते, सगळे माझ्याकडे बघत होते. तेव्हा सांगितलं असतं तर काय झालं असतं? लग्न मोडणार नव्हतं. विहीणबाई कदाचित हसल्या असत्या, वैशाली दोन दिवस अबोला धरती. भ्यायचं असं काही उरलेलंच नव्हतं. तात्यांच्या डोक्यावरचं पाच वर्षांचं ओझं मात्र तिथल्या तिथं उतरलं असतं. मला हे सगळं त्या क्षणी लख्ख दिसत होतं.

मी म्हणाले, "व्हय, धुळीनंच बिघडलं हुतं. ह्यांनी लक्ष दिलं न्हाई."

तात्यांनी मान हलवली, आणि फिल्टर कसा झटकायचा ते व्याह्यांना पहिल्यापासून पुन्हा दाखवू लागले.