हात लावायच्या आधी

मी तिच्या पाठीला हात लावला. विचारलं नाही. सांगितलंही नाही.

प्रकाश नीट होता, पदर नीट होता. फक्त ब्लाउज मागून ढगळ होता. कॅटलॉगच्या कामात हे रोजचंच. कपडा एका मापाचा, मुलगी दुसऱ्या मापाची. मग मागून क्लिपा लावायच्या, फायलींना लावतात तसल्या काळ्या. फोटोत चोळी अंगावरच शिवल्यासारखी दिसते आणि पाठीवर लोखंडाची रांग असते. हे काम माझ्याकडे सुनंदाताई करतात. त्या कोपऱ्यात इस्त्री करत होत्या. हाक मारली असती तर आल्या असत्या. मी मारली नाही. कॅमेरा गळ्यात तसाच ठेवून पुढे गेलो, तिचा खांदा धरून तिला वळवलं, ब्लाउजच्या पाठीत दोन बोटं घातली आणि कापड खेचलं.

ती एक पाऊल पुढे सरकली. म्हणाली, "सर, हात लावायच्या आधी सांगत जा. आणि क्लिप ताई लावतील."

आवाज चढवला नव्हता. पण माझा स्टुडिओ म्हणजे एक गाळा, तो केवढा. सगळ्यांनी ऐकलं. मेकअपवाली, सुनंदाताई, शेठची दोन माणसं. आणि खुर्चीत पाय पसरून बसलेला शेठ, ज्याच्या साड्या होत्या, ज्याचं काम होतं.

शेठ हसला. "काय फोटोवाले, पोरीने क्लास घेतला तुमचा."

मी तिच्याकडे बघून म्हणालो, "कोळसेवाडीतून येतेस ना? मग ही नाटकं अंधेरीच्या मोठ्या मॉडेलांसाठी ठेव. इथे फोटो काढायला आलीस, फोटो काढ."

हे माझे शब्द. जसे बोललो तसे लिहिले. गुळगुळीत केलेले नाहीत.

तिचं नाव ऋतुजा. कल्याण पूर्वेला कोळसेवाडीत राहते, काम एजन्सीतर्फे करते. एजन्सीतर्फे म्हणजे काय, ते बाहेरच्यांना माहीत नसतं. आम्हाला पक्कं माहीत असतं. कोणते कपडे, किती वेळ, कशासाठी, हे सगळं एजन्सीशी आधी ठरतं. त्यात बदल करायचा तर फोन एजन्सीच्या मॅडमना करायचा. मुलीला विचारायचं नाही. निदान चारचौघांत तर नाहीच. कारण लाइट लागलेत, मेकअप झालाय, पैसेवाला माणूस समोर बसलाय, अशा वेळी बावीस-तेवीस वर्षांची मुलगी नाही म्हणूच शकत नाही. म्हणूनच तो नियम आहे. आणि नेमकं म्हणूनच आमच्यातले पुष्कळ जण चारचौघांत विचारतात.

मीही विचारलं. साड्या अर्ध्या झाल्या होत्या. शेठने पिशवीतून सॅटिनचे रात्रीचे कपडे काढले, खांद्यावर नुसत्या दोऱ्या असलेले. मला म्हणाला, "हे पण उरकून घे." ते ठरलेलं नव्हतं. मला माहीत होतं. मी ते हँगर हातात घेतलं, सगळ्यांसमोर तिच्यापुढे धरलं आणि म्हणालो, "चार फोटोंचा प्रश्न आहे. पटकन बदलून ये."

ती म्हणाली, "मॅडमना विचारा सर."

"मॅडमना कशाला मध्ये आणतेस? मी सांगतोय ना."

तिने स्वतः फोन लावला. दोन वाक्यं बोलली. मॅडम नाही म्हणाल्या. तिने हँगर माझ्या हातून घेतलं, खुंटीला लावलं आणि उरलेल्या साड्यांसाठी उभी राहिली. एकाही फोटोत तोंड वाकडं नाही. मी मात्र मुद्दाम एकेक पोज ताणत होतो. हात वर, अजून वर, तसाच धर. सुडाला हत्यार लागतंच असं नाही. कॅमेराही पुरतो.

आता कुणी म्हणेल, ह्या माणसाला मुलगी असती तर कळलं असतं. मला मुलगी आहे. तरी कळलं नव्हतं.

मी बाळकुमचा. आमची जात कोळ्यांची. आई खाडीची मासळी ठाण्यात विकायची. मी लग्नांच्या फोटोग्राफरच्या हाताखाली शिकलो. नौपाड्यातल्या एका हॉलमध्ये, लग्न लागल्यावर, मी टेबलावरचा पाण्याचा ग्लास उचलला. नवरीच्या काकांनी तो माझ्या हातातून काढून घेतला. "हे पाहुण्यांचं आहे. तुमचं मागे." मागे म्हणजे भांडी घासायच्या मोरीपाशी. तिथे नळ होता. मी त्या नळाला ओंजळ लावून पाणी प्यायलो आणि परत येऊन त्याच काकांना म्हणालो, "जरा हसा." ते हसले. फोटो चांगला आला.

हे सांगतो ते कुणी माझ्या बाजूने धरू नये. मला माहीत होतं ग्लास काढून घेतल्यावर हाताला काय वाटतं. माहीत असून मी तिला वळवलं. ज्याला माहीत नसतं त्याच्यापेक्षा माझा गुन्हा मोठा.

आणि तो तिथेच थांबला नाही.

संध्याकाळी एजन्सीच्या मॅडमचा फोन आला. काही झालं की एजन्सी दोन्ही बाजू ऐकून घेते. "दादा, काय झालं सेटवर? ऋतुजा सांगतेय ते खरं आहे का?"

खरं म्हटलं असतं तर एजन्सीने माझ्या गाळ्यावर मुली पाठवणं बंद केलं असतं. वागळे इस्टेटमध्ये माझ्यासारखे पुष्कळ गाळे आहेत, एकावर फुली मारायला वेळ लागत नाही. मी म्हणालो, "मॅडम, मुलगी दिसायला ठीक आहे, पण सेटवर तमाशा करते. कपडा मी नाही, ताईंनी नीट केला. क्लायंटसमोर मला उलट बोलली." सुनंदाताई पसारा आवरत होत्या. त्यांनी हातातली साडी घडी न घालता तशीच ठेवली आणि निघून गेल्या. मग मी फोटोग्राफरांच्या ग्रुपवर आवाज रेकॉर्ड करून टाकला. तिचं नाव घेऊन. ह्या पोरीपासून सांभाळून राहा. खाली अंगठे आले. एकानेही विचारलं नाही, झालं काय.

मग मी जेवलो आणि झोपलो. झोप लागली. हेही लिहायला हवं.

काही महिन्यांनी शेठ गाळ्यावर आला. खुशीत होता. तिच्या अंगावरच्या साड्या सगळ्यांत जास्त गेल्या होत्या. मोबाइलवर तिचा फोटो उघडून माझ्यापुढे धरला. "नवीन माल आलाय. हीच पोरगी पाहिजे."

मी म्हणालो, "ती जरा तशी आहे शेठ."

शेठ म्हणाला, "अरे, काम बंद पडलं असणार तिचं. आता सरळ झाली असेल. आण."

सरळ झाली असेल. म्हणजे ह्याला ठाऊक होतं. काय झालं, कुणी केलं, कशासाठी केलं. मी बोललो त्याचा फायदा शेठला आयता मिळाला होता. मुलगी आधी वाकवायची, मग स्वस्तात परत बोलवायची. आणि वाकवायचं काम फोटोवाला फुकट करतो. नौपाड्यातल्या त्या काकांनी निदान स्वतःच्या हाताने ग्लास काढून घेतला होता. शेठने आपला हात विटाळलाच नव्हता. त्याच्या वतीने हात माझा होता.

शेठ गेल्यावर मी सुनंदाताईंना विचारलं, "त्या दिवशी तुम्ही बघितलं होतं ना?"

त्या म्हणाल्या, "मी इस्त्री करत होते. आंधळी नव्हते."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही माझं नाव सांगितलंत फोनवर. क्लिप मी लावली म्हणून. मग मी काय बोलू, दादा? माझं काम तुमच्याकडे."

मी मॅडमना फोन केला. म्हणालो, "ऋतुजा हवी आहे."

मॅडम म्हणाल्या, "तुम्हीच म्हणालात ना, तमाशा करते म्हणून? ठाण्यातले तिघे तुमचं नाव सांगून तिला नको म्हणाले. आता तिला काम नाही. डोंबिवलीला मानपाड्यात चष्म्याच्या दुकानात काउंटरला बसते ती."

मी म्हणालो, "मी खोटं बोललो होतो, मॅडम." "तिचा नंबर द्या, मी बोलतो तिच्याशी."

"नंबर? दादा, ह्या लाइनमध्ये कालच आलात का?"

त्या बरोबर होत्या. मुलीचा नंबर मागायचा नाही, हा पहिला नियम. आणि मी माफी मागण्याच्या नावाखाली तोच मोडत होतो. मला ते पटकन उरकायचं होतं. दोन मिनिटांचा फोन, ती म्हणेल ठीक आहे सर, आणि मी मोकळा.

"बरं, मग तुम्ही तिला सांगा, काही चुकून झालं असेल तर..."

"चुकून झालं होतं का?"

"नाही."

"मग तसं म्हणू नका. विचारते तिला. ती नाही म्हणाली तर विषय संपला."

दोन दिवसांनी निरोप आला. ऋतुजा म्हणते, फोनवर सॉरी नको. जिथे बोलले तिथे. त्याच माणसांसमोर. आणि काय काय केलं ते एकेक सांगून. तेवढं केलं तर ती शेठचं शूट करेल, ठरलेल्या साड्या, बाकी काही नाही. माफ करेन असं तिने कबूल केलेलं नाही.

ग्रुपवर मी त्याच दिवशी रेकॉर्ड करून टाकलं. मी बोललो होतो ते खोटं होतं, चूक माझी होती, तिला काम द्या. ह्या वेळी अंगठे आले नाहीत. एकाने लिहिलं, दादा, काय पोरीच्या प्रेमात पडलात काय. पाचपन्नास माणसं तिथे, सगळी बायको-पोरांची. त्या एका वाक्यावर हसायचे चेहरे आले. ती माणसं मी ओळखतो. त्यांच्याबरोबर लग्नांचे हॉल केलेत, त्याच मोऱ्यांपाशी उभं राहून जेवलोय. आम्हाला कुणी "ए फोटो" म्हटलं की आमचं रक्त तापतं. आमच्यासमोर उभ्या राहिलेल्या मुलीला आम्ही दिवसभर "ए, इकडे बघ" म्हणतो. तिने कपडे कुठे बदलायचे? बॅकड्रॉपचं कापड आडवं टांगून त्यामागे. कडी नाही. एवढ्या वर्षांत माझ्या गाळ्यात एक कडी नव्हती, आणि मी स्वतःला कलाकार म्हणवत होतो.

आता दार आहे, आतून कडी आहे. कपड्याला हात सुनंदाताईंचा, तोही विचारून. माझं बोट काय सांगायचं ते लांबूनच सांगतं. क्लायंटने ठरलेल्याबाहेरचं काही पिशवीतून काढलं तर कॅमेरा खाली आणि फोन एजन्सीला. ज्याला चालत नाही त्याने दुसरा गाळा बघावा. हे मी दयाळू झालो म्हणून नाही. हे आधीपासून करायचंच होतं. करत नव्हतो.

शूटच्या दिवशी ऋतुजा मॅडमबरोबर आली. मला "नमस्कार" म्हणाली, सर म्हणाली नाही. मेकअपवाली तीच होती, सुनंदाताई इस्त्रीपाशी, शेठ त्याच खुर्चीत, त्याची दोन माणसं मागे उभी. लाइट लागले. मी कॅमेरा गळ्यातून काढून टेबलावर ठेवला.

"शेठ, कामाआधी मला ऋतुजाशी बोलायचंय. मागच्या वेळी मी काय केलं ते, सगळ्यांसमोर."

शेठचा चेहरा बदलला. "फोटोवाले, हे घरी जाऊन करा. मासळी बाजारातून वर आलात, जरा जपून."

त्या दिवशीच्या साड्या पुऱ्या झाल्या आणि नंतर शेठचं काम माझ्या हातून गेलं. ते आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे शेवटी ही त्यागाची गोष्ट वाटायला नको. काम गेलं ते माझं. तिचे महिने गेले ते माझ्यामुळे. दोन्हींची तुलना होत नाही.

शेठला म्हणालो, "माझ्या आईने मासळी विकली, शेठ. माणूस विकला नाही. तो मी विकला. बसा, माझं बोलणं व्हायचंय."

मग तिच्याकडे वळलो. जागेवरून हललो नाही, कारण तिच्याजवळ जायचं कारण नव्हतं.

"ऋतुजा, मी तुला न विचारता तुझा खांदा धरला, तुला वळवलं, तुझ्या पाठीला हात लावला. तू नीट शब्दांत सांगितलंस, तर मी तुझी वस्ती काढली. ठरले नव्हते ते कपडे सगळ्यांसमोर तुझ्यापुढे धरले, तुला नाही म्हणता येऊ नये म्हणून. मग तुला मुद्दाम ताटकळत उभं ठेवलं. मॅडमना खोटं सांगितलं, सुनंदाताईंचं नाव पुढे करून. ग्रुपवर तुझी बदनामी केली, तुझं काम घालवलं. ह्यातलं काही चुकून झालं नाही. मला सगळं कळत होतं. तू बरोबर होतीस, मी नव्हतो. मी ह्या सगळ्यांसमोर तुझी माफी मागतो. सुनंदाताई, तुमचीही."