एका पिएरोगीत किती पीठ

माझ्या मुलीला मधुमेह असल्याचं कळलं तेव्हा ती सहा वर्षांची होती आणि आम्ही जर्मनीत र्युसेल्सहाइमला राहत होतो. दोन हजार चार-पाचचा सुमार असावा. घरी पाठवताना हॉस्पिटलातल्या नर्सने मला एक तक्ता दिला होता. कुठल्या पदार्थात किती 'बीई' ते त्यात लिहिलेलं. बीई म्हणजे पिष्ट आणि साखर मोजायचं जर्मन माप. जेवढे बीई पोटात जाणार, तेवढं इन्सुलिन जेवणाआधी पंधरा मिनिटं टोचायचं.

खालच्या मजल्यावर मुलीची वर्गमैत्रीण राहायची, पोलिश घरातली. तिची आजी गावाहून आली होती. मुली तिला बाब्चा म्हणायच्या. एका शनिवारी तिने आम्हा दोघींना पिएरोगी खायला बोलावलं. नवरा कामासाठी पुण्याला गेलेला. आजारानंतर मुलीला बाहेर जेवायला नेण्याची ही पहिलीच वेळ, आणि तीही मी एकटीने.

पिएरोगी तक्त्यात नव्हत्या. ओट्यावर ठेवलेल्या पाहिल्या तर अगदी आपल्या करंज्या, फक्त तळायच्या ऐवजी पाण्यात उकळायच्या. मैद्याची पारी, आत बटाटा आणि ताजं चीज.

"किती खाशील?" मी विचारलं.

"फ्युन्फ." पाच. ती उत्तरं जर्मनमध्येच द्यायची.

एका पारीला किती मैदा लागला असेल याचा अंदाज केला, त्यात बटाटा धरला आणि चार बीईचं इन्सुलिन टोचलं.

ताटली समोर आली. मुलीने एक पिएरोगी खाल्ली, दुसरी अर्धी तोडली आणि थांबली. "ममा, दा इस्ट फ्लाइश." यात मांस आहे.

वर तळलेल्या कांद्यात डुकराच्या चरबीचे बारीक तुकडे होते. आम्ही शाकाहारी आहोत हे मैत्रिणीच्या आईने बाब्चाला सांगितलं होतं, पण वरून घातलेली फोडणी बाब्चाच्या लेखी मांस नव्हतीच.

"खा, बाळा. एवढ्याने काही होत नाही," मी म्हणाले.

तिने माझ्याकडे पाहिलं. "पण तूच तर नाही म्हणतेस," ती चक्क मराठीत म्हणाली.

काटा तिने खाली ठेवला तो ठेवलाच. बाब्चाने दुसऱ्या पिएरोगी उकळत टाकल्या, पण पातेल्याकडे बघत बसायला माझ्याकडे वेळ नव्हता. इन्सुलिन तर आत गेलेलं, ते काही परत काढता येत नाही. थोड्याच वेळात मुलीच्या ओठांवर घामाचे थेंब दिसले. तिचं बोट टोचलं. साखर पंचावन्न आली, सत्तरच्याही खाली, आणि ती अजून उतरणार होती.

सफरचंदाच्या रसाचा पेला भरून मी तिच्या हातात दिला. तोंडाशी जाण्याआधीच बाब्चाने तो हिसकावून घेतला.

"नाइन! त्सुकर! क्रांक!" नको! आजारी मुलीला साखर? बाब्चा पेला छातीशी धरून उभी राहिली.

"अहो आजी, द्या तो इकडे!" मी ओरडले, तेही मराठीत. बाब्चा हलेना. शेवटी मी तिचं मनगट धरून पेला ओढून घेतला. अर्धा रस टेबलावर सांडला. मैत्रिणीची आई धावत आली आणि पोलिशमध्ये भराभर काहीतरी बोलली, तेव्हा कुठे बाब्चाचे हात सुटले.

मुलीने उरलेला रस घोटाघोटाने संपवला, मग आणखी अर्धा पेला. आता पंधरा मिनिटं थांबायचं होतं. घड्याळाचा काटा सरकतोय की नाही असं वाटत होतं. पुन्हा बोट टोचलं. एक्क्याण्णव. नंतर तिने सांडलेला रस बोटाने ओढून टेबलावर रेघा मारायला सुरुवात केली, तेव्हा मी खुर्ची ओढून बसले.

बाब्चा रडत होती. मैत्रिणीची आई, म्हणजे तिची मुलगी, जर्मनमध्ये सांगत गेली: "माझ्या वडिलांना साखरेचा आजार होता. पुढे त्यांचा पाय कापावा लागला. आईने जन्मभर त्यांच्या हातातून गोड काढून घेतलं." त्या आजारात गोडाने जीव वाचतोही, हे बाब्चाने कधी पाहिलंच नव्हतं.

मनगट धरून ओढल्याबद्दल मी तिची माफी मागितली. तिने डोळे पुसले आणि वजनकाटा काढला. आधी नुसती पारी तोलली, मग सारण, मग भरलेली पिएरोगी. मैदा किती घेतला ते बोटांनी दाखवलं. आम्ही तिघींनी मिळून आकडा काढला. एका पिएरोगीत जवळजवळ एक बीई, आणि त्यातला मोठा वाटा पारीचा, बटाट्याचा नव्हे. म्हणजे माझा अंदाजही कमीच पडला होता. पाचही खाल्ल्या असत्या तर साखर वर गेली असती.

नंतर डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, नवा पदार्थ असेल तर आधी खाऊ द्या, मग टोचा.

त्या दुपारी जिना चढताना मुलीने विचारलं, "मी खायला हवं होतं का?"

"नाही. तू बरोबर केलंस. त्यात काय घातलंय ते मी आधी विचारायला हवं होतं," मी म्हणाले.

तिने मान डोलावली आणि माझ्या पुढे दोन पायऱ्या पळत गेली.