विनीताच्या थिसिसला गाइड हवा

विनीता मूळची नागपूरची. अमेरिकेत ॲन आर्बरला येऊन तिला वीस वर्षं झाली आणि ती सगळी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये गेली. पन्नाशी उलटली तशी तिने वर्षभराची रजा टाकली आणि ह्युमॅनिटीजच्या एम.ए.ला नाव घातलं. नवरा शैलेंद्र म्हणाला, एकच वर्ष ना, बघता बघता जाईल. नेमकं तेच झालं.

त्या एका वर्षात सगळं कोंबलेलं. आधी सगळ्यांना सक्तीचा एक कोर्स, त्याच्या जोडीला आपल्या आवडीचे विषय. हिवाळ्यात थिसिसचा विषय आणि गाइड ठरवायचा, उन्हाळ्याच्या आत थिसिस द्यायचा, की संपलं. वर्गाचे छोटे गट पाडलेले आणि कच्चं लिखाण तपासायला दर गटाला एक तरुण शिक्षक, त्यालाही गाइड होता यायचं. विनीताच्या गटाला प्रीता होती. इथेच जन्मलेली मराठी मुलगी, विनीताच्या लेकीच्या वयाची. गणपतीत भेटली असती तर काकू म्हणाली असती. वर्गात मात्र सरळ 'विनीता' म्हणायची. विनीताला ते खुपायचं, पण बोलणार कोणाला!

विषय तिला झकास सापडला होता. पूर्वी इथली मराठी माणसं पत्राऐवजी आवाज भरून घरी कॅसेटी पाठवायची, त्या कॅसेटींवर. गाइड म्हणून तिने एका बड्या प्रोफेसरांना मनात धरलं होतं. आणि मग बाई काय करत बसल्या? वाट बघत! काम आवडलं तर सर आपण होऊन बोलावतील, स्वतः मागणं म्हणजे आगाऊपणा, हे नागपूरच्या कॉलेजात अंगात मुरलेलं. गटातल्या सगळ्यांना गाइड मिळाले, हिला कोणी विचारेना. शेवटी मुदत उद्यावर आली तेव्हा ती सरांकडे गेली. सर म्हणाले, विषय छान आहे, पण माझ्याकडे आता जागा नाही. आधी का नाही आलात?

गाइड नाही तर थिसिस नाही, थिसिस नाही तर डिग्री नाही. आणि पुढच्या वर्षी रजा कोण देतंय? जिन्यात उभ्या उभ्या तिला रडू आलं. समोर प्रीताची खोली होती. आता लाजून काय उपयोग, म्हणून ती आत शिरली आणि एका दमात म्हणाली, "तू माझी गाइड होशील?"

प्रीता पहिल्यांदाच मराठीत बोलली.

"मी सप्टेंबरपासून तुमचा एव्हरी ड्राफ्ट वाचते. मला वाटलं, मी लहान आहे, तुम्हाला चालणार नाही."

विनीताला मेल्याहून मेल्यासारखं झालं, कारण ते खरं होतं. ड्राफ्टच्या समासात प्रीताने एवढं लिहून दिलेलं, आणि हिच्या डोक्यात तिचं नाव एकदाही आलं नव्हतं. प्रीताने मात्र तिथेच लॅपटॉप उघडून ऑफिसला होकार कळवला.

थिसिस वेळेत झाला, डिग्रीही मिळाली. अजूनही भेट झाली की विनीता तिला मॅडम म्हणते. असं नका म्हणू काकू, म्हणून प्रीता संकोचते. पण तेवढं मात्र विनीता तिचं ऐकत नाही.