कडुनिंबवाले काका

सुरतेत मी कापडाच्या मागावर रातपाळी करायचो तेव्हाची, नव्वदच्या दशकातली गोष्ट. सकाळी पाळी सुटली की डिंडोलीच्या खोलीकडे निघायचो. वाटेत मैदानाच्या कडेला एक गृहस्थ हटकून भेटायचे. पायात पांढरेशुभ्र कॅनव्हासचे बूट, हातात कडुनिंबाच्या रसाचा स्टीलचा ग्लास. एक घोट घ्यायचे, तोंड वेडंवाकडं करायचे आणि वर "वाह!" म्हणायचे. मग दोन्ही हात आभाळाकडे करून मोठमोठ्याने हसायचे. कशाला, ते कधी कळलं नाही. बहुतेक आम्हालाच हसत असावेत.

कारण डोळे चोळत, जांभया देत जाणारे आम्ही त्यांना आळशी वाटायचो. "भाऊ, सवेरे जल्दी उठो. आदमी नया हो जाता है," हे रोज ऐकवायचे.

एकदा माझी सटकली. खोलीत गादी एकच; दिवसपाळीवाला उठून गेला की ती माझी व्हायची, आणि हे मला उठायला शिकवणार! म्हटलं, "काका, हम रातपाली वाले हैं. अभी सोने जा रहे हैं."

काकांनी रस संपवला, गंभीरपणे विचार केला आणि म्हणाले, "तो फिर सोने से पहले उठा करो!"

त्याच आठवड्यात पहाटे मला मागासमोर उभ्याउभ्या डुलकी लागली. हात चालत्या मागात जाणार, तेवढ्यात मुकादमाने पाठीत गुद्दा घातला. "ऊठ!"

म्हणजे काकांचं सांगणं मी अगदी तंतोतंत पाळलं. झोपायच्या आधी उठलो. नवा वगैरे काही झालो नाही. जुनीच दहा बोटं शाबूत घेऊन गादीवर जाऊन पडलो.